मापाला दिलेला शर्ट

सोमवार, ७ मार्च

ताई,

‘साष्टांग नमस्कार’ लिहून खोडलं. म्हटलं, तू म्हणशील, इतके महिने तोंड फिरवून बसली आणि आता हिला शिष्टाचार सुचतायत. तेव्हा सरळ बोलते. पाकिटावरचं माझं अक्षर बघून पत्र फाडावंसं वाटेल, पण फाडू नकोस. आत तुझ्या लेकीची खबर आहे.

भिंगरी बरी आहे. पंधरा पूर्ण झाली तरी मी तिला भिंगरीच म्हणते आणि हल्ली ती त्यावर नाक मुरडते. उंच होत चाललीय. शाळेच्या स्कर्टची खालची घडी सोडून सोडून आता सोडायला काही उरलं नाही. दर रविवारी तू तिच्याशी फोनवर बोलतेस, तेव्हा बाकीचं तुला कळतच असेल.

मी लिहितेय ते दुसऱ्याच कारणाने. आमची सगळी गल्ली घाबरलीय. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची थोरली तुला आठवते ना, दोन वेण्या घालायची ती? ती सुटीत नाहीशी झाली. आधी सगळे म्हणाले, मित्राबरोबर पळाली. मग कळलं की तो मित्र तिच्या बापाच्या वयाचा होता. कित्येक महिने फोनवर गोड गोड बोलत होता, तिला वस्तू देत होता, घरचे तुला समजूनच घेत नाहीत म्हणून तिचे कान भरत होता. पोलिसांनी तिला दुसऱ्या शहरातून परत आणलं. आता ती खोलीचा पडदासुद्धा उघडू देत नाही. औषधवाला दुकानात येऊन बसतो, पण गिऱ्हाईकाने खोकल्याचं मागितलं की पोटदुखीचं काढून देतो. लोक गुपचूप बदलून मागतात.

त्यावर वाचनालयात बैठक झाली. एका संस्थेच्या बाई आल्या होत्या, त्या अशा फसवल्या गेलेल्या मुलांसाठी काम करतात. ठरलं असं की ज्या दुकानाच्या काचेवर पिवळं फडकं दिसेल तिथे कुठलंही मूल कधीही आत शिरून बसू शकतं. कुणी पाठलाग केला, फोनवर धमकावलं, नुसतंच घरी जावंसं वाटत नसलं, तरी. दुकानदाराने पाणी द्यायचं आणि चौकशा करायच्या नाहीत. फडकी मी शिवली. आमच्या शिवणाच्या वर्कशॉपमध्ये पडद्यांचं पिवळं कापड उरलं होतं, मास्तर नको नको म्हणत असताना मी ते उचलून आणलं.

फडकं कुणाला द्यायचं यावर वाद झाला. मी ठासून सांगितलं, फक्त बायकांच्या दुकानांना. सायकल दुरुस्तीवाल्याने हात वर केला होता, पण तो एकटा राहतो, त्याला दिलं नाही. संस्थेच्या बाई म्हणाल्या, “बाई की पुरुष हे बघू नका. आतलं सगळं रस्त्यावरून दिसतं का, ते बघा.” आम्ही माना डोलावल्या आणि आम्हाला हवं तेच केलं.

तेव्हा तू काळजी करू नकोस. आम्ही डोळ्यात तेल घालून आहोत.

तुझी धाकटी


रविवार, १३ मार्च

ताई,

आज भिंगरी तुझ्याशी बोलत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. कान देऊन ऐकत होते, कबूल. “हो”, “नाही”, “ठीक”, “पंच्याहत्तर टक्के”. एवढंच. पूर्वी ती तुझं डोकं खायची. मी स्वतःला समजावते की हे वयच असं असतं. तू त्या वयात आईशी बोलायचीस का? मी तर दाराला कडी लावून आरशाशी बोलायचे.

गल्लीचं सांगते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी आमची गत झालीय. परवा विजेचा नवा मीटरवाला आला. बिचारा जिन्याखाली वाकून आकडे टिपत होता, तेवढ्यात शाळा सुटली आणि पोरं जिन्यातून धावत आली. वरच्या मजल्यावरच्या आजींनी आरडाओरडा केला. आम्ही बायकांनी त्याला घेरलं. मी तर त्या दिवशी रजेवर होते, हातात कात्री घेऊनच खाली उतरले होते. त्याने ओळखपत्र काढलं आणि म्हणाला, “बाई, मलाही दोन मुली आहेत हो.” नंतर त्याला चहा पाजला. त्याने तो उभ्यानेच संपवला आणि पुढच्या इमारतीत न जाता निघून गेला. त्या इमारतीचं वीजबिल या वेळी अंदाजाने येणार.

हसू नकोस. तू लांब आहेस म्हणून तुला हसू येईल. रस्त्यावरून एकटा पुरुष चालताना दिसला की तो वळेपर्यंत मी खिडकीतून हलत नाही.

एक बरं आहे. शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत भिंगरी कुठे असेल याची चिंता मिटलीय. नाक्यावर नवं पार्लर निघालंय, त्या बाईंनी आपण होऊन फडकं मागितलं. तिशीची असेल, बोलायला इतकी लाघवी की मीही पहिल्याच दिवशी भुवया करून घेतल्या. भिंगरीला मीच सांगितलं, घरी एकटी थांबण्यापेक्षा तिथे बस. ती आता रोज जाते. पार्लरवाली तिचे केस विंचरून देते, गप्पा मारते. भिंगरी तिला ताई म्हणते.

फोनला नवं चकचकीत कव्हर आलंय. विचारलं तर म्हणाली, “ताईने दिलं, तिच्याकडे जास्तीचं होतं.” घ्यायला नको होतं, पण एवढ्यावरून काय बोलायचं? मागच्या वेळी मी बोलले तर तीन दिवस अबोला धरला होता. कुणावर गेलीय ते तुला सांगायला नको.

तू नोकरीसाठी तिकडे जाताना म्हणाली होतीस, “तुझ्या हातात कुंडीतलं रोपही जगत नाही, पोर कशी ठेवू?” मीही तुला नको ते बोलले. पण बघ, चाललंय.

तुझी धाकटी


मंगळवार, २२ मार्च

ताई,

जमिनीवर बसून, मांडीवर कागद ठेवून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुला ठाऊक आहे, आमच्या वर्कशॉपमध्ये शहरातल्या मोठ्या दुकानांचं फिटिंगचं काम येतं. गिऱ्हाईक तयार कपडा विकत घेतं, अंगाला सैल झाला तर तो तिथल्या काउंटरवर देतं आणि तो पिशवीतून आमच्याकडे येतो. नाव नसतं, नुसता नंबर असतो. ज्याला स्वतः माप द्यायला यायचं नसतं तो आपला एखादा बरोबर बसणारा जुना कपडा सोबत देतो. आम्ही त्याला मापाचा कपडा म्हणतो. त्यावरून माप घ्यायचं आणि नवा कपडा त्या अंगाचा करायचा.

आज सकाळी मास्तरांनी पिशवी टेबलावर ओतली आणि एक काळा ड्रेस माझ्याकडे सरकवला. पाठ उघडी, मोठ्या बाईने पार्टीत घालावा तसला. “कंबर आणि खांदे आत घ्या. शुक्रवारी हवाय. मापाला शर्ट जोडलाय.”

मी शर्ट उलगडला. निळा, बारीक रेघांचा.

ताई, तो शर्ट मी शिवलाय.

भिंगरी लहानपणी जिन्यावरून पडली आणि तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचा डावा खांदा बोटभर खाली उतरतो. तिला ते कुणाला दिसलेलं आवडत नाही. म्हणून मी तिच्या प्रत्येक शर्टात डाव्या खांद्याला आतून कापडाची घडी घालते. बाहेरून काही कळत नाही. मी बोट आत घातलं आणि ती घडी माझ्या बोटाला लागली.

मी हात झटकन मागे घेतला. मास्तर म्हणाले, “काय झालं? सुई टोचली?” मी म्हटलं, “हा माझ्या पोरीचा आहे.” ते म्हणाले, “मग बरं झालं की, माप घ्यायला नको.” त्यांना वाटलं, घरचंच कुणीतरी कौतुकाने तिला ड्रेस घेतलाय. मग त्यांनी तो ड्रेस नीट बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मशीन बंद केली.

मी त्यांच्या फोनवरून तुला फोन लावला. माझा नंबर तू घेत नाहीस म्हणून. तू “कोण?” विचारलंस. मी म्हटलं, “मी.” तू ठेवून दिलास. पुन्हा लावला तेव्हा तो नंबरही लागला नाही. तुला दोष देत नाही. मी इतकी भेदरले होते की ‘भिंगरी’ हा शब्द आधी बोलायचं सुचलं नाही.

मग संस्थेच्या बाईंना लावला. त्या शांतपणे बोलत राहिल्या. ओरडायचं नाही. तिचा फोन हिसकावायचा नाही. कुणाच्या दारात जाऊन भांडायचं नाही, नाहीतर ते लोक सगळं पुसून पसार होतात. आणि भिंगरी ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाली, तर तसं वचन द्यायचं नाही. “खोटं वचन दिलंत तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.” मी सगळ्याला हो हो म्हटलं.

संध्याकाळी घरी आले. भिंगरी चपला काढत होती. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझा निळा शर्ट कुठाय गं?”

“पार्लरमध्ये राहिला. त्यावर केसांचा रंग सांडला, ताई धुऊन देणार आहे.”

मला कळेचना की पोर खोटं बोलतेय की तिलाच खोटं सांगितलंय. आणि मग जे करायचं नाही म्हणून दिवसभर घोकलं होतं तेच मी केलं. ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. “त्या बाईकडे पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडी तोडीन” हे त्यातलं सर्वांत सौम्य.

ती ओरडली नाही. पांढरीफटक पडली. म्हणाली, “तूच सांगितलंस तिथे बस म्हणून. तूच शिवलंस ना ते फडकं?”

खोलीचं दार लावून घेतलं. मी दाराला टेकून बसलेय. आत ती आहे, तिच्या श्वासाचा आवाज येतोय. तो थांबला तर मी दार मोडणार.


गुरुवार, २४ मार्च

ताई,

जिवंत आहे, घरात आहे. हे आधी लिहिते.

काल सकाळी तिने दार उघडलं. शाळेचे कपडे घातले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, पुढे जाईना. मी खालच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, “मी ओरडायला नको होतं. मला भीती वाटली म्हणून ओरडले.” तिने दप्तराची चेन दोनदा उघडली, लावली. मग म्हणाली, “आईला सांगणार नाही असं वचन दे.”

ताई, जिभेवर आलं होतं. दिलं असतं तर तिने लगेच माझ्या मांडीवर डोकं ठेवलं असतं. मी म्हटलं, “ते वचन मी देत नाही. पण तुला विचारल्याशिवाय, तुझ्या मागे काही करणार नाही.” ती मला मारत सुटली. दंडावर, पाठीवर. मारता मारता रडायला लागली आणि रडता रडता सगळं सांगितलं.

पार्लरच्या आत पडद्यामागे एक खोली आहे. तिथे ती बाई तिला नवे नवे कपडे घालून बघायला द्यायची. तू किती सुंदर आहेस, तुझ्या घरात कुणाला दिसत नाही, असं म्हणायची. एक ओळखीचा माणूस मोठे कार्यक्रम करतो, तिथे पाहुण्यांचं स्वागत करायला मुली लागतात, शनिवारी दुसऱ्या शहरात जायचं, रविवारी परत. भिंगरी आधी हुरळली. मग तिला कसंतरी वाटलं आणि ती नको म्हणाली. तेव्हा त्या बाईने फोन काढून दाखवला. पडद्याच्या फटीतून, हिच्या नकळत काढलेले फोटो. “नाही आलीस तर हे तुझ्या आईला जातील. आई तुला टाकून गेलीच आहे, हे बघून परत येईल का?” हे सगळं ती बाई तिचे केस विंचरता विंचरता बोलली.

ताई, तुझा नंबर तिने भिंगरीच्या फोनमधून घेतलाय.

संस्थेच्या बाई आल्या, आम्हाला एका महिला पोलीस अधिकाऱ्याकडे घेऊन गेल्या. भिंगरीने तिथे एकदाही मान वर केली नाही, पण बोलली. अधिकारी म्हणाल्या, “ड्रेस वेळेवर काउंटरला परत गेला पाहिजे, अगदी नीट तयार होऊन. न्यायला कोण येतं आणि सोबत कोण असतं ते आम्ही बघतो.”

म्हणजे तो मला शिवायचा होता.

मास्तर म्हणाले, द्या, मी करतो. पण त्यांचा हात वेगळा आहे, आणि मला तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नव्हता. आज मी तो ड्रेस शिवला. कंबर उसवली, आत घेतली, टीप मारली. खांदे तिच्या खांद्यांना लावले. डाव्या खांद्याला घडी घातली नाही, तेवढी घातली नाही. सगळा वेळ वाटत होतं, मी माझ्याच हाताने पोरीला सजवून त्यांच्या हवाली करतेय. ड्रेस छान बसेल असा झालाय. मला वाईट शिवताच येत नाही, या एका गोष्टीचा आज मला स्वतःचा राग आला.

अधिकाऱ्यांनी तुझा नंबर घेतलाय. त्या तिथूनच फोन करणार होत्या. भिंगरीने संस्थेच्या बाईंचा हात धरला आणि म्हणाली, “रविवारी मी सांगते. मला सांगू दे.” बाई म्हणाल्या, तिला तेवढं करू द्या.

तोवर ते फोटो तुझ्याकडे आले तर? तर उघडू नकोस, ताई. उघडलेस तरी तिच्यावर आवाज चढवू नकोस. हे पत्र तुला आठवड्याने मिळेल हे मला कळतंय. तरी लिहितेय, कारण नाहीतर मी आत्ता पार्लरच्या काचा फोडायला जाईन.


शनिवार, २६ मार्च

ताई,

पार्लरवाली काल ड्रेस घ्यायला आली. काउंटरवर तिला पकडलं. बाहेर गाडीत एक माणूस बसला होता. पोलीस त्याच्याकडे वळले तेवढ्यात त्याने गाडी काढली. तो सापडलेला नाही. फोटो त्याच्याकडे आहेत की नाहीत, कुणाला माहीत नाही.

आज तो शनिवार. भिंगरी दिवसभर खिडकीपाशी उभी होती आणि खाली गाडी थांबली की आत सरकत होती. मीही तिच्या मागे उभी. दोघी घाबरट.

सकाळी गल्लीतल्या बायका माझ्याकडे आल्या. सगळी फडकी उतरवून टाका म्हणत होत्या. “कुंपणच शेत खायला लागलं, आता कुणावर भरवसा ठेवायचा?” मीही म्हटलं, उतरवा, जाळून टाका. तेवढ्यात औषधवाला आला. गेल्या कित्येक आठवड्यांत तो दुकान आणि घर सोडून कुठे गेला नव्हता. म्हणाला, “माझी पोर त्या दिवशी अर्धा तास बसस्टॉपवर उभी होती. तिला परत यायचं होतं. कुठे शिरावं ते तिला कळलं नाही. उतरवू नका.” एवढं बोलून तो दुकानाकडे वळला.

आता नवे नियम केलेत. पडदे नाहीत, आतल्या खोल्या नाहीत, काच उघडी आणि दुकानात मोठी माणसं दोन. संस्थेच्या बाई पहिल्या दिवशी हेच सांगत होत्या. काही फडकी उतरली. सायकलवाल्याला मी स्वतः नेऊन दिलं. त्याच्या दुकानाला तर दारच नाही. त्याने ते घेतलं आणि स्टूल पुसून ठेवलं.

उद्या रविवार. मला पार्लरवालीची भीती वाटते, त्या गाडीतल्या माणसाची वाटते, पण आज सगळ्यात जास्त तुझी वाटते. तू रागावलीस की थंड होतेस. आवाज चढवत नाहीस, नुसतं “ठीक आहे” म्हणतेस आणि समोरचं माणूस मरतं. मी ते पचवलंय, मी धाकटी आहे, माझी कातडी जाड आहे. पण ती तुझं एक “ठीक आहे” पचवणार नाही. आई टाकून गेली हे पार्लरवालीचं म्हणणं खरंच आहे, असं तिला वाटेल. मग तिला कुणीही कुठेही घेऊन जाईल.


रविवार, २७ मार्च

ताई,

तू आत्ता फोनवर आहेस. भिंगरी आतल्या खोलीत, मी दाराबाहेर. हात रिकामे राहिले तर मी दार उघडीन आणि फोन तिच्याकडून ओढून घेईन, म्हणून लिहीत बसलेय. तिने सांगितलंय, आत यायचं नाही.

सकाळपासून तिने काही खाल्लं नाही. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. मला विचारलं, “आधी फोटोंचं सांगू की आधी पार्लरचं?” मी म्हटलं, “तुला जे आधी सांगायला सर्वांत जड जातंय ते.” बरोबर बोलले की नाही माहीत नाही.

ती म्हणतेय, “आई, मार्कांचं नंतर विचार. आधी ऐक. मधे बोलू नकोस.”

सांगतेय. आवाज अगदी लहान झालाय, सहा वर्षांची असताना व्हायचा तसा. पार्लर. कपडे. पडदा. मधेच थांबली. पुन्हा सुरू केलं. मला तुझा आवाज ऐकू येत नाही. तू काही बोलत नाहीयेस की तिने फोन कानाला घट्ट दाबलाय?

“तुला पाठवतील ते. कदाचित पाठवतील.” असं म्हणाली. नंतर, “संपलं. एवढंच.”

आता ती गप्प आहे. तूही गप्प आहेस.

ताई, बोल गं.

बोल. शिवी दे मला, माझं नाव घे, सगळं माझ्यावर ढकल, मी कबूल होईन. पण तिच्याशी काहीतरी बोल. ‘ठीक आहे’ म्हणू नकोस. तुला सुचत नसेल तर नुसती रड, तिला ऐकू जाऊ दे. माझी पाचावर धारण बसलीय. इतकी शांतता आहे की मला स्वयंपाकघरातून चरचर ऐकू येतेय.

आत्ता बोलली. काहीतरी विचारलंस वाटतं तू.

“नाही आई,” ती म्हणतेय. “अजून नाही जेवले.”

आणि थोडं थांबून, नाक ओढत, “मावशीने सगळं करपवलंय. इथपर्यंत वास येतोय.”

खरंच करपलंय. घरभर धूर झालाय. उठते, गॅस बंद करायला हवा.